‘मले’ आणि ‘मला’च्या मधात

दर्यापूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातूनच नाही, तर अख्ख्या भावकीतून कॉलेजात गेलेली ती पहिली. पत्र चार पानांचं आहे. त्यातलं मुख्य तेवढं तिच्याच शब्दांत:

“पहिल्या वर्षी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘सर, मले नाई माहीत.’ सगळी बॅच हसली. सरही हसले. तेव्हापासून ग्रुपमध्ये माझं नाव ‘मले’ पडलं. मी वर्गात तोंड उघडणंच सोडलं. दिवाळीत घरी गेले तर आजीला सहज म्हणाले, ‘मला भाकर नको.’ मोठी आई, म्हणजे मोठी काकू, लगेच म्हणे, ‘लय शयराची झाली वं तू. आता आमच्यात कायले बसशीन?’ पहिल्या वर्षाच्या गणिताचा पेपर राहिला, एटीकेटी लागलीय, बाबांना सांगितलेलं नाही. ते पारावर सांगतात, पोरगी इंजिनिअर होऊन राहिली. ३ एकर कोरडवाहू आहे. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, मग मी इथे दोन वेळचा डबा लावायचा कसा, म्हणून एकच वेळचा घेते. तिथली राहिले नाही, इथली झाले नाही. मी नेमकी कुठली?”

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना, तू ‘मी इथली नाही’ असं जिथे जिथे लिहिलंस त्याच्या मागेपुढे काय आहे तेवढंच पाहिलं. इंटरनलचे, म्हणजे कॉलेजातच मिळणारे, मार्क कशावर देतात हे सेमिस्टर संपल्यावर कळलं. मेंटॉर म्हणजे आपल्याला मार्गदर्शन करायला नेमलेले सर किंवा मॅडम, हे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं. स्कॉलरशिपचा अर्ज त्रुटी काढून परत आला होता, ते तीन महिने कळलंच नाही. याला ओळखीचा प्रश्न म्हणू नकोस. ही निव्वळ माहिती आहे. मास्तराच्या, तलाठ्याच्या, डॉक्टरच्या घरातल्या पोरांना ती जेवता जेवता फुकट मिळते, तुझ्या घरात ती द्यायला कोणी नव्हतं. तुझ्या दुःखाचा निम्मा भाग इथून येतो, आणि तो महिना-दोन महिन्यांत कमी होण्यासारखा आहे. उरलेला निम्मा खरा आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी ‘मले’.

ती चूक नाही. वऱ्हाडीत ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो आणि तो दरवेळी येतो: मले, तुले, बाबाले, शाळेले. ‘ळ’चा ‘य’ होतो: शाया, डोया, पोया. ‘करते आहे’चं ‘करून राहिली’ होतं. चूक कधी होते, कधी होत नाही. जे प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसाच्या तोंडी तसंच होतं, तो नियम असतो. लीळाचरित्र हा मराठी गद्यातला आद्य ग्रंथ मानला जातो. म्हाइंभटांनी तो तेराव्या शतकात रिद्धपूरला रचला, आणि रिद्धपूर तुझ्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथेच निघालंय. तुझ्या डिग्रीवर ज्यांचं नाव छापून येणार ते गाडगेबाबा शेंडगावचे. ते शाळेत गेले नव्हते आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून घाम फोडायचे ते वऱ्हाडीतच. हे सगळं हसणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला सांगत नाही, त्यानं काही होत नाही. ‘आपलं बोलणंच खराब’ हे जे तू स्वतःला सांगत बसतेस, ते बंद व्हावं एवढ्यासाठी सांगितलं. आणि एक गंमत. तुझ्या बॅचमधल्या शहरी पोरींच्या आयाही अमरावतीच्या बाजारात ‘सांबार केवढ्याची जुडी’ असंच विचारतात. पुण्याच्या मंडईत गेल्या की त्यांनाही ‘कोथिंबीर’ म्हणावं लागतं, नाहीतर भाजीवाला इडली-सांबारचं हॉटेल दाखवतो.

तरी व्हायवात प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लागतेच. लॅबमध्ये ॲप्रन घालतेस, बाहेर आलं की घडी करून बॅगेत टाकतेस, तेवढंच महत्त्व तिला दे. बदलायचे शब्दही मोजकेच आहेत: मले-मला, काहून-का, हाव-हो, नाई-नाही, आणि ‘करून राहिली’. हेल बदलायच्या भानगडीत पडू नकोस. खेड्यातून आलेली पोरं इथेच फसतात. आवाज शहरी करायला जातात, सगळं लक्ष जिभेकडे लागतं आणि येत असलेलं उत्तरही घशात अडकतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी तुझं नुकसान ‘मले’मुळे झालं नाही, ‘नाई माहीत’ म्हणून तू थांबलीस त्यामुळे झालं. एक्झामिनर बहुतेक वेळा तीनच गोष्टी चाचपतो: व्याख्या येते का, एकक माहीत आहे का, आणि तू स्वतः घेतलेल्या रीडिंगमध्ये काय आलं. पूर्ण उत्तर येत नसेल तर जेवढं येतं तेवढं सांगून अडलेली जागा दाखवायची: ‘सर, सूत्र आठवतंय, डेरिव्हेशन आठवत नाही.’ ओहमचा नियम विचारला तर ‘तापमान स्थिर असताना करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, आमच्या ग्राफवर सरळ रेषा आली’ एवढ्यावर निभतं. तयारी अशी कर. एका प्रॅक्टिकलचे साधारण ८ ते १० प्रयोग असतात. प्रत्येकाचे ५ प्रश्न काढ, म्हणजे ४०-५० झाले. परीक्षेच्या आधीच्या दोन संध्याकाळी रूममेटला वही दे, उभी राहा आणि मोठ्यानं उत्तरं दे. मनातल्या मनात वाचून व्हायवा होत नाही, कारण अडखळणं तोंडातून शब्द काढतानाच कळतं.

पुस्तक समजत नाही म्हणतेस, त्याचं कारण वऱ्हाडी नाही आणि डोकंही नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला गाइड आणि मग एकदम इंग्रजी टेक्स्टबुक. एक दोनशे पानी वही घे. पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत नव्हे तर पुस्तकात आहे तशीच, स्पेलिंगसकट. उजवीकडे अर्थ, तुझ्या बोलीत. डॅम्पिंग म्हणजे काय? ‘झोका सोडला का हयूहयू थांबते, ते.’ अर्थ पक्का झाला की खाली त्याच संज्ञेचं एक इंग्रजी वाक्य लिही. हे खालचं वाक्य गाळलंस तर समजलेलं उत्तरपत्रिकेत उतरत नाही. रोज १० शब्द, रविवारी सुट्टी आणि उजळणी. दोन महिन्यांत साडेचारशेवर संज्ञा होतात. इतक्या शब्दांवर एका सेमिस्टरची बरीच पुस्तकं वाचता येतात.

याहून लवकर मार्क देणारी गोष्ट वेगळी आहे. मागच्या पाच वर्षांचे पेपर लायब्ररीतून घे आणि प्रत्येक प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ ओढ. ‘स्टेट’ म्हटलं की नियम एका वाक्यात, पुढे पाल्हाळ नको. ‘डिराइव्ह’ म्हटलं की सुरुवातीच्या गृहीतकापासून पायरी-पायरीनं सूत्रापर्यंत यायचं. मधली पायरी खाल्ली की मार्क गेला. ‘कम्पेअर’ म्हटलं की दोन रकान्यांचा तक्ता आणि किमान चार-पाच मुद्दे. ‘एक्स्प्लेन विथ नीट स्केच’ म्हटलं की आधी आकृती, पेन्सिलनं, नावं देऊन, आणि मग मजकूर. ‘जस्टिफाय’ म्हटलं की कारण, वर्णन नाही. मराठी माध्यमाची मुलं या पाचही प्रश्नांना सारखंच पानभर उत्तर लिहून येतात आणि ‘एवढं लिहिलं तरी मार्क नाहीत’ म्हणून रडतात. अभ्यास झालेला असतो, प्रश्न वाचायचा राहिलेला असतो.

सिलॅबसच्या सुरुवातीच्या पानांवर ‘स्कीम’ नावाचा तक्ता असतो. थिअरीला किती, इंटरनलला किती, प्रॅक्टिकलला किती, पास व्हायला किती, क्रेडिट किती, सगळं त्यात आहे. त्याचा फोटो फोनमध्ये ठेव. मेंटॉरकडे मोकळ्या हातानं जाऊन ‘सर, काही समजत नाही’ म्हणू नकोस, ते तरी काय सांगणार? कागदावर एकच प्रश्न लिहून ने: ‘मॅडम, इंटरनल टेस्टला मला कमी पडले, भरून काढायचा मार्ग काय?’ लेक्चर संपल्या संपल्या स्टाफरूममध्ये गेलीस तर पाच मिनिटं मिळतात. सबमिशनच्या आठवड्यात तिथे रांग असते, तेव्हा कोणी तुझं ऐकणार नाही.

आता हसण्याचं. एकदा हसले, विसरले, ते सोडून दे. पण वर्षभर ग्रुपमध्ये ‘मले’ नावानं हाक मारणं वेगळं. ज्याच्या तोंडी ते नाव जास्त असेल त्याला एकट्याला गाठून, आवाज न चढवता सांग: ‘माझं नाव घेऊन बोलव.’ बहुतेक वेळा एवढं पुरतं. नाही पुरलं तर स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली जी भर पडली, तिच्यात प्रदेश, भाषिक ओळख, जन्मगाव, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला मानसिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तो फक्त फर्स्ट इयरच्या मुलांपुरता नाही. कॉलेजच्या अँटी-रॅगिंग कमिटीकडे लेखी द्यायचं, पोच घ्यायची. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. आणि टोमणा भाषेवरून आडनावावर, जातीवर, ‘फुकटची सीट’ यावर घसरला तर पहिल्या दिवसापासून लेखीच, समान संधी कक्षाकडे. तिथे ‘एकदा समजावून पाहू’ची पायरी घेऊ नकोस. सर हसले ते चुकलंच. पण त्यांच्या विषयात शंका विचारणं सोडलंस तर त्यांचं काही बिघडत नाही, तुझंच बिघडतं.

घराकडे येऊ. इथे मामला जास्त नाजूक आहे.

तुझ्या बाबांचं वर्ष मृगाला सुरू होतं आणि तुझं जुलैच्या आसपास. दोन्ही वर्षं एकमेकांच्या अंगावर येतात. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी ऑक्टोबरच्या आगेमागे, तेव्हा तुझ्या इंटरनल टेस्ट. वेचणी जोरात आणि तूर शेंगांवर, तेव्हा तुझी हिवाळी परीक्षा. उन्हाळी परीक्षा लांबली की थेट पेरणीत. घरच्यांना वाटतं पोरगी कामाच्या दिवसांत येत नाही. तुला वाटतं घरच्यांना अभ्यासाचं काही नाही. भांडण माणसांचं नाही, दोन कॅलेंडरांचं आहे. म्हणून एक मोठा कागद घे, बारा महिन्यांच्या बारा ओळी कर, डावीकडे वावरातली कामं आणि उजवीकडे टेस्ट, सबमिशन, परीक्षा, फॉर्मच्या तारखा. डावी बाजू तू लिहू नकोस. बाबांना विचारून, ते सांगतील तसं लिही. कागद चुलीपासून लांब, देवाच्या फोटोखाली नाहीतर दाराच्या मागे चिकटव. पोळ्याला गेलीस की त्याच्यासमोर बसून ठरवा, सोंगणीला किती दिवस येणार.

किती दिवस, याचाही हिशेब आहे. हजेरी सर्वसाधारणपणे ७५ टक्के लागते. एका विषयाची सेमिस्टरला ४० लेक्चर धरली तर ३० हवीत, म्हणजे १० चुकवता येतात. आठवड्याला ४ होत असतील तर एक आठवडा घरी राहिलं की ४ गेली. दोन आठवडे निभतात, तिसऱ्या आठवड्याला डिटेन्शनच्या, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या, यादीत नाव. त्यातले दोन-तीन दिवस तापासाठी राखून ठेवावेच लागतात. म्हणून सोंगणीला सलग आठवड्यापेक्षा शनिवार-रविवार जोडून जाणं परवडतं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा दर्यापूरच्या फेरीला तेवढा भार पडत नाही.

एटीकेटी बाबांना सांग, या महिन्यातच. लपवल्यानं काय होतं ते सरळ रेषेत पाहा. बाबांना माहीत नाही, म्हणून बॅकलॉगच्या, म्हणजे राहिलेल्या पेपरच्या, फॉर्मचे पैसे मागता येत नाहीत. पैसे नाहीत म्हणून तारीख जाते, मग लेट फी, तीही गेली की पेपर पुढच्या परीक्षेवर. तोवर नव्या सेमिस्टरचा एखादा अडकतो आणि एकावर दोन, दोनावर तीन होत ईयर डाउन होतं, म्हणजे वर्षच जातं. गणित कठीण म्हणून जशी मुलं मागे पडतात, तशी फॉर्म भरायचा राहिला म्हणूनही पडतात.

फोनवर सांगू नकोस. शनिवारी जा. बाबा वावरातून आल्यावर, हातपाय धुऊन चहा झाल्यावर, दारात कोणी बसलेलं नसताना सांग. ‘फेल’ हा शब्द काढू नकोस, कारण गावात फेल म्हणजे वर्ष गेलं. एटीकेटीचा अर्थच मुळी पुढच्या वर्गात बसायची परवानगी असा आहे. शेतकऱ्याला हे समजायला एक मिनिट लागतं: ‘बाबा, एका ओळीतली तूर उबळली, बाकी पीक उभंच हाय. त्या ओळीत पुन्हा पेरून राहिली. वर्ष गेलं नाई.’ मग लगेच पुढच्या परीक्षेची तारीख आणि फॉर्मची रक्कम सांग. आकडा आणि तारीख कळली की माणूस रागावण्याऐवजी तजवीज करायला लागतो. ते दहा मिनिटं गप्प बसतील. बसू दे. पारावर त्यांनी काय सांगायचं ते त्यांना ठरवू दे, तू सुधारायला जाऊ नकोस.

एकच डबा घेणं बंद कर. आई उन्हात वाकते म्हणून तू उपाशी राहायचं, यानं आईच्या मजुरीत एक रुपयाची भर पडत नाही आणि संध्याकाळचे अभ्यासाचे दोन तास मात्र जातात. पैशाचा खरा मार्ग स्कॉलरशिप आहे. महाडीबीटी या स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते पाहा. मागच्या वेळी तो कॉलेजच्याच टेबलावरून परत आला होता आणि तू मेसेजची वाट पाहत बसलीस. पैसे अडकतात ते बहुधा तीन ठिकाणी: आधार कार्ड, दहावीची मार्कशीट आणि बँक यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असणं, उत्पन्नाचा दाखला जुना असणं, आणि खातं आधारशी ‘सीडेड’, म्हणजे सरकारी पैसे थेट पडण्यासाठी जोडलेलं, नसणं. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. ‘डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग आहे का’ असंच विचार, कारण पैसे तिथे शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतात. आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल आपोआप होत नाही, अर्ज पुन्हा करावा लागतो.

मोठ्या आईच्या बोलण्याला उत्तर देऊ नकोस, काम दे. ती तूर निवडत असेल तर सूप घेऊन शेजारी बस. दोन दिवस घरात राहिलीस की ‘मले’ आपोआप परत येतो, तो मुद्दाम आणू नकोस. मुद्दाम आणलेली बोली घरच्यांना लगेच ओळखू येते आणि ती ‘मला’पेक्षा जास्त टोचते. एखाद्या वेळी ‘मला’ निसटला तर निसटला. घरातल्यांची अंधश्रद्धा, औषधपाणी, बोलणं सुधारायला निघणं, ही पहिल्या पिढीच्या पोरांची हमखास चूक आहे. तिच्यातून ‘शयराची झाली’ हा टोमणा जन्मतो, भाकरीच्या नकारातून नाही. त्याऐवजी बाबांच्या सातबाऱ्यावर पीकपेरा बरोबर लागलाय का ते बघून दे. पण एक सांभाळ: सगळ्या गावाचं सेतू केंद्र होऊ नकोस. फॉर्म भरणारी पोरगी मिळाली की सुट्टी पीकविमा, केवायसी आणि जातीच्या दाखल्यांतच संपते. रविवारी सकाळी दोन तास ठेव, बाकी वेळ नाही म्हण.

उरलेला निम्मा, जो खरा आहे म्हटलं, तो हा. दोन वर्षांपूर्वी आजीजवळ जशी बसायचीस तशी आता बसलीस तरी डोक्यात दुसरं काहीतरी चालू असेल, आणि ते आजीला सांगता येणार नाही. वर्गातही काही विनोद तुला कायम उशिरा कळतील. हे नुकसान आहे. कोणी ‘काही बदलत नाही गं’ म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. मात्र ते तुझ्या एकटीचं नाही. हॉस्टेलला, मेसला, लायब्ररीच्या कोपऱ्यात अंजनगाव, धारणी, मूर्तिजापूरकडून आलेली आणि घरातून पहिलीच असलेली पाच-सात तरी मुलं तुझ्याच वर्षाला असतील. तीही तुझ्यासारखीच गप्प असतात, म्हणून दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत जुने पेपर सोडवायला बस. तिथे व्हायवाचा सराव वऱ्हाडीत सुरू करून इंग्रजीत संपवता येतो. झोप पंधरा दिवस सलग उडाली, जेवण जात नाही, कॉलेजला जावंसं वाटत नाही, असं झालं तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

पत्राच्या शेवटी विचारलंस, बाबांना व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते तो वऱ्हाडीत पाठवू की नीट मराठीत. वऱ्हाडीत पाठव. रात्री आठच्या सुमारास पाठव, तेव्हा आईही घरात असते आणि दोघं मिळून ऐकतात. फक्त शनिवारी समोर सांगून झाल्यावर आवाजात एटीकेटीचा विषय आला, तर तो शब्द तसाच ठेव, त्याचं काही मराठी करू नकोस. उद्या पारावर कोणी तो उच्चारला तर बाबांना तो तुझ्याकडून आधीच कळलेला असू दे.